जेथ्रो टल ऐकायचंय? मग या वाटेने या

जेथ्रो टल नावाचा माणूस या बँडमध्ये कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नवखा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: 'यातला जेथ्रो कोण?' मंचावर एका पायावर उभा राहून बासरी फुंकणारा, विस्कटलेल्या केसांचा आणि डोळे वटारलेला जो माणूस फोटोत दिसतो, त्याचं नाव इयन अँडरसन. खरा जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. १७०१ च्या सुमारास त्याने घोड्याने ओढायचं पेरणीचं यंत्र बनवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिफणच म्हणा.

आता शेतकऱ्याचं नाव रॉक बँडला कसं चिकटलं? १९६८ च्या सुरुवातीला ही पोरं लंडनमध्ये नवीन होती, आणि एकदा ऐकल्यावर पुन्हा बोलावण्याची कुणाला फारशी इच्छा होत नसे. म्हणून बुकिंग एजंट दर थोड्या दिवसांनी बँडचं नाव बदलून त्याच क्लबांना नव्याने खपवायचे. एजंटच्या कचेरीत कुणीतरी इतिहासाचा शौकीन होता, त्याने एका खेपेला 'जेथ्रो टल' सुचवलं. नेमकं त्याच वेळी मार्की क्लबला त्यांचं वाजवणं आवडलं, पुन्हा बोलावणं आलं, आणि नाव जे राहिलं ते राहिलंच. पहिल्या रेकॉर्डवर छापताना ते 'जेथ्रो टो' झालं होतं, तो भाग वेगळा.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी हे नाव ऐकलंय, दोन-तीन गाणी कानावरून गेलीत, पण पुढे कुठे जायचं कळत नाही. अडचण खरी आहे. १९६८ पासून २०२५ पर्यंत वीसहून जास्त अल्बम. सुरुवातीला ब्लूज, मग हार्ड रॉक, मग पाऊण तासाचं एकच गाणं, मग खेड्यापाड्यातलं लोकसंगीत, मग सिंथेसायझर. वादक इतके आले आणि गेले की मोजणं सोडून द्यावं. कुणी तुम्हाला चुकीचा अल्बम हातात दिला की तुम्ही दहा मिनिटांत पळ काढणार, आणि त्यात तुमची चूक नसणार.

म्हणून सालवारीने जाऊ नका. मी सांगतो त्या क्रमाने जा.

आधी थोडी तयारी

फोनवर ऐकत असाल तर शफल बंद करा. या बँडच्या बाबतीत ही एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम होतं, कारण एक गाणं जिथे संपतं तिथून दुसरं का सुरू होतं याचा त्यांनी विचार केलेला असतो. शक्य असेल तर हेडफोन लावा. गाण्याचे शब्द समोर असू द्या. अँडरसनची भाषा तिरकी आहे, आणि पहिल्यांदा ऐकताना ती अस्सल इंग्रजांनाही सगळी कळत नाही.

एकाच अल्बमच्या चार-पाच आवृत्त्या दिसतील. त्यातली 'स्टीव्हन विल्सन' असं नाव लिहिलेली निवडा. हा स्वतः या जातीच्या संगीतातला वादक. त्याने टलचे जुने अल्बम मूळ टेपांवरून नव्याने मिक्स केले आहेत. सगळ्या अल्बमना याने सारखाच फरक पडतो असं नाही, पण ज्या अल्बमपासून आपण सुरुवात करणार आहोत त्याला फार पडतो.

पायरी पहिली: एकच गाणं, तीनदा

'अ‍ॅक्वालंग'. १९७१ च्या मार्चमध्ये आलेल्या त्याच नावाच्या अल्बममधलं पहिलं गाणं, साडेसहा मिनिटांचं.

गंमत बघा: ज्या बँडची ओळखच बासरी, त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात बासरी नाही. सहा स्वरांची एक जाडजूड गिटारची ओळ दारावर लाथ मारावी तशी येते आणि त्यावर अँडरसन जवळजवळ थुंकत गातो. बागेतल्या बाकावर बसलेला एक गलिच्छ, आजारी, बेघर म्हातारा. नाकातून शेंबूड, नजर वाईट. एक मिनिटभर हे चालतं आणि अचानक सगळं थांबतं. उरते साधी लाकडी गिटार, आणि अँडरसनचा आवाज कुणी टेलिफोनवरून बोलावं तसा बारीक आणि लांबचा होतो. म्हातारा तोच आहे, पण आता थंडी आहे, त्याचे पाय दुखताहेत, आणि तो एकटा आहे.

पहिल्या खेपेला हे नुसतं ऐका. दुसऱ्या खेपेला शब्द समोर ठेवा. तिसऱ्या खेपेला फक्त एवढंच बघा की आवाज मोठा असताना म्हाताऱ्याकडे कोण बघतंय, आणि हळू झाल्यावर कोण. मोठा आवाज हा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची किळस आहे. हळू आवाजात गाणारा त्याच्या शेजारी बसलाय. टलच्या संगीतात आवाजाची पट्टी बदलते तेव्हा बहुतेक वेळा बघणारा बदललेला असतो. हे एकदा कानाला कळलं की पुढची चाळीस मिनिटांची गाणीही उलगडतात. मला हे कळायला काही वर्षं लागली. मी नुसता गिटारसाठी ऐकत होतो.

या गाण्याची कल्पना अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी हिच्याकडून आली. तिने थेम्सच्या काठावर राहणाऱ्या बेघर माणसांचे फोटो काढले होते आणि त्यांच्याविषयी टिपणं केली होती. गाण्याच्या शब्दांत तिचं श्रेय छापलेलं आहे. बँडचा गिटारवादक मार्टिन बार याचं एकट्याचं वादन चौथ्या मिनिटाच्या आसपास सुरू होतं. त्याचा किस्सा बार स्वतःच सांगतो. लंडनच्या त्याच स्टुडिओत शेजारी लेड झेपलिनचं रेकॉर्डिंग चाललं होतं. बार हा तुकडा वाजवत असताना झेपलिनचा गिटारवादक जिमी पेज नियंत्रण खोलीत आला आणि काचेपलीकडून हात हलवायला लागला. गिटार सोडून हात हलवावा तर टेक वाया जाणार. बार वाजवत राहिला. ते वादन आज आपण ऐकतो.

तो स्टुडिओ तेव्हा नवा होता आणि त्याची खोली नीट वागत नव्हती. मूळ रेकॉर्डचा आवाज गढूळ म्हणतात तसा आहे. विल्सनची २०११ ची आवृत्ती घ्या असं मघाशी म्हटलं ते याचसाठी.

पायरी दुसरी: उरलेला अल्बम, बाजूबाजूने

रेकॉर्डला दोन बाजू असायच्या हे लक्षात ठेवून ऐका. पहिल्या बाजूवर माणसं आहेत. शाळेच्या कुंपणापाशी घुटमळणारी मेरी, आणि मधेच दीड मिनिटाचं एक छोटं गाणं, 'चीप डे रिटर्न'. अँडरसनचे वडील आजारी होते, त्यांना भेटायला तो रेल्वेने गेला होता, त्या प्रवासाचं हे गाणं. सुरू झालं असं वाटेपर्यंत संपतं. परत लावा. मला विचाराल तर अख्ख्या अल्बममधला सर्वांत नाजूक तुकडा हाच.

दुसरी बाजू देवाविषयी आहे, किंवा खरं तर देवाच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांविषयी. 'माय गॉड' हे गाणं लाकडी गिटारवर कुरकुरत सुरू होतं आणि मधोमध बासरी आणि माणसांचे आवाज मिळून चर्चमध्ये असल्यासारखा घुमारा तयार करतात. वारकरी संतांनी कर्मकांडावर ओढलेले कोरडे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला यातला राग ओळखीचा वाटेल. 'लोकोमोटिव्ह ब्रेथ' मात्र कुणालाही पहिल्या फटक्यात आवडतं. आधी जॉन एव्हनचा निवांत पियानो, मग ब्रेक गेलेली आगगाडी. बँडला हा ठेका एकत्र वाजवताना जमेना, म्हणून अँडरसनने आधी स्वतः बास ड्रम आणि हाय-हॅट वाजवून सांगाडा उभा केला आणि बाकीचं त्यावर चढवलं. यंत्रासारखा न थकणारा जो वेग जाणवतो, त्याचं मूळ तिथे आहे.

हा अल्बम आवडला नाही तर पुढे जाऊ नका. खरंच सांगतो. हट्टाने कुणी काही ऐकू नये.

पायरी तिसरी: आता मागे चला, बासरीकडे

अँडरसन स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा, जन्म १९४७ चा. वाढला एडिंबरामध्ये आणि मग इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलमध्ये. तिथेच शाळेतल्या मित्रांबरोबर वाजवायला लागला. १९६७ च्या अखेरीस ही मंडळी दक्षिणेला, ल्यूटनला आली. तोपर्यंत तो गिटारवाला होता. पण एरिक क्लॅप्टनला ऐकून त्याला कळून चुकलं की या वाद्यात आपण कायम मागच्या रांगेतच राहणार. मग त्याने गिटार देऊन टाकली आणि बदल्यात एक मायक्रोफोन आणि एक शिकाऊ दर्जाची बासरी घेतली. धातूची, चाव्यांची, पाश्चात्त्य. आपली बांबूची नव्हे. काही महिन्यांत तो ती मंचावर वाजवत होता. गुरू नाही, धडा नाही. वाजवता वाजवता तो बासरीत गुणगुणतो, गुरगुरतो, ओरडतो. ही रीत त्याच्या आधी अमेरिकन जॅझमधल्या रोलंड कर्कने रूढ केली होती, आणि त्याचं ऋण म्हणून टलच्या पहिल्या अल्बमवर कर्कची एक रचना आहेच.

तो पहिला अल्बम, 'धिस वॉज' (१९६८), सध्या बाजूला ठेवा. तो ब्लूज आहे, आणि तेव्हाचा गिटारवादक मिक एब्राहम्सला ब्लूजच हवं होतं. अँडरसनला ते नको होतं. वर्ष संपायच्या आत एब्राहम्स गेला. मधल्या काही दिवसांत टोनी आयोमी येऊन गेला, तोच पुढे ब्लॅक सबाथवाला. मग मार्टिन बार आला आणि चाळीसहून अधिक वर्षं राहिला.

तुम्ही ऐका 'स्टँड अप', १९६९. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत हा पहिल्या क्रमांकावर गेला. रेकॉर्डचं कव्हर उघडलं की मुलांच्या चित्रपुस्तकात असतात तशी चौघांची कागदी चित्रं उभी राहायची, म्हणून ते नाव. यातलं 'बूरे' लावा. मूळ रचना योहान सेबास्टियन बाखची, ल्यूट या तंतुवाद्यासाठी केलेली. टलने तिला जॅझच्या डोलात आणलं. सुरुवातीला सूर सरळ आणि सभ्य आहे. मधे बासरी फुटते, श्वास ऐकू येतात, घशातला आवाज सुरात मिसळतो, आणि मग पुन्हा सभ्य होऊन ती घरी परतते. आलापी करून मुखड्यावर येणं तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे हे समजावून सांगायची गरज नाही.

याच अल्बमवर 'वुई यूज्ड टू नो' आहे. ते ऐकताना तुम्ही चमकाल, कारण त्यातले कॉर्ड एकामागून एक ज्या क्रमाने येतात, तो ईगल्स या अमेरिकन बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची आठवण करून देतो. ईगल्स १९७२ साली टलच्या आधी मंचावर वाजवायचे, हे खरं. पण ज्या डॉन फेल्डरने 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं संगीत रचलं, तो त्या वेळी ईगल्समध्ये नव्हताच. अँडरसनने यावर कधी भांडण काढलं नाही. मित्रांच्या बैठकीत मात्र हा वाद अर्धा तास सहज चालतो.

त्याच वर्षीचं सुटं गाणं 'लिव्हिंग इन द पास्ट' पाच मात्रांत आहे. रॉकच्या श्रोत्याला चारची सवय, त्याचा पाय अडखळतो. झपताल ऐकलेल्याला फारसा त्रास नाही, फक्त विभागणी वेगळी आहे. टाळी देत बसाल तर दुसऱ्या आवर्तनात सापडेल. असल्या ठेक्याचं गाणं इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं.

पायरी चौथी: त्रेचाळीस मिनिटांचं गाणं

आता मुख्य चढण. 'थिक अ‍ॅज अ ब्रिक', १९७२.

हे का झालं ते आधी ऐका. 'अ‍ॅक्वालंग' आल्यावर समीक्षकांनी त्याला 'संकल्पना-अल्बम' म्हटलं, म्हणजे एकाच सूत्रात ओवलेला. अँडरसन म्हणत राहिला की नाही हो, ती सुटी गाणी आहेत. कुणी ऐकेना. तेव्हा त्याने ठरवलं की एवढीच हौस असेल तर घ्या, अशा सगळ्या अल्बमांचा बाप घ्या. एकच गाणं, दोन्ही बाजूंवर पसरलेलं. शब्द म्हणे आठ वर्षांच्या जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या बालकवीचे. या पोराने कवितेच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं, पण कवितेतल्या आचरट मजकुरामुळे ते काढून घेतलं गेलं. असा पोरगा नव्हताच. सगळं अँडरसनने लिहिलं होतं.

आणि रेकॉर्डचं कव्हर म्हणजे बारा पानांचं वर्तमानपत्र. खरंखुरं, घडी उलगडून वाचायचं. खेडेगावातल्या बातम्या, जाहिराती, शब्दकोडं, आणि या सगळ्यात दडलेले गाण्यातले संदर्भ. बँडवाले सांगतात की संगीतापेक्षा हा पेपर काढायला जास्त वेळ लागला. स्थानिक वृत्तपत्रांतल्या 'यांचा सत्कार संपन्न' छापाच्या बातम्या वाचत मोठे झालेल्यांना या थट्टेची चव फार लवकर लागते. नव्या आवृत्त्यांत आणि नेटवर त्याची पानं बघायला मिळतात. ती वाचत ऐका.

आता पद्धत. एका बैठकीत सगळं ऐकू नका. पहिल्या दिवशी फक्त पहिली तीन मिनिटं: लाकडी गिटार, बासरीची छोटी हाक, आणि एक गोड चाल. ही चाल पाठ करा. गुणगुणता आली पाहिजे इतकी पाठ. दुसऱ्या दिवशी पहिली बाजू, साधारण बावीस मिनिटं. यात एव्हनचा ऑर्गन आणि नवा ड्रमर बॅरिमोर बार्लो यांची पळापळ आहे. मात्रांची गणितं सतत बदलतात, ती मोजायच्या भानगडीत पडू नका. फक्त हळू आणि जोरात यांच्या सांध्यांवर कान ठेवा. 'अ‍ॅक्वालंग'मध्ये असे सांधे चार-पाच होते, इथे डझनांनी आहेत. कधी बाप बोलतो, कधी पोरगा, कधी अख्खं गाव. तिसऱ्या दिवशी दुसरी बाजू. ती अधिक विस्कळीत आहे आणि मधे एका जागी ढोल बडवण्यात माझाही संयम संपतो. पण अखेरीस ती सुरुवातीची चाल, त्याच लाकडी गिटारवर, परत येते. ती पाठ करा म्हटलं होतं ते एवढ्यासाठी.

माझा या गाण्याशी पहिला संबंध कॅसेटवरून आला. मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिलं होतं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, त्यात त्रेचाळीस मिनिटांचं गाणं नेमकं मावलं, मधली बाजू पालटण्याची जागा कळलीच नाही. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला त्याने लता मंगेशकरांची भावगीतं भरली होती. बरीच वर्षं माझ्या डोक्यात अँडरसनची बासरी संपली की खटका पडतो आणि बाईंचा आवाज सुरू होतो.

अमेरिकेच्या यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला. थट्टा म्हणून केलेली गोष्ट लोकांनी गंभीरपणे डोक्यावर घेतली. गंमत अशी की ती थट्टा आहे हे माहीत असूनही शेवटच्या दोन मिनिटांत घसा दाटतो.

पायरी पाचवी: हे सध्या ओलांडा

१९७३ चा 'अ पॅशन प्ले'. पुन्हा एकच लांब गाणं, या वेळी मेलेल्या माणसाच्या परलोकातल्या प्रवासाचं, आणि या वेळी थट्टा नाही. मधोमध चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट येते. समीक्षकांनी सोलून काढलं, तरी अमेरिकेत पुन्हा पहिला क्रमांक. टलचे कट्टर चाहते याला सर्वश्रेष्ठ मानतात. मी नाही मानत, पण वर्षा-दोन वर्षांनी परत लावून बघतो की आपण बदललो का. नवख्याने तरी याच्या वाटेला जाऊ नये. 'वॉर चाइल्ड' (१९७४) आणि 'टू ओल्ड टू रॉक अँड रोल' (१९७६) हेही नंतर. 'मिन्स्ट्रेल इन द गॅलरी' (१९७५) तेवढा खूण करून ठेवा.

पायरी सहावी: रानात

१९७७ साली लंडनमध्ये पंकचा धुमाकूळ होता. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, आणि लांब केसांच्या जुन्या बँडांना शिव्या. त्या वर्षी टलने काय काढावं? 'साँग्ज फ्रॉम द वुड'. रानातली गाणी. अँडरसन शहर सोडून खेड्यात राहायला गेला होता, आणि इंग्रजी लोककथा, ऋतूंचे विधी, जत्रा यात रमला होता. पहिलंच गाणं नुसत्या आवाजांच्या थरांनी सुरू होतं, वाद्यं मागून येतात. 'जॅक-इन-द-ग्रीन'मध्ये सगळी वाद्यं एकट्या अँडरसनने वाजवली आहेत. हा त्यांचा सर्वांत आनंदी अल्बम. ज्यांना 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' पचला नाही त्यांनी चौथी पायरी गाळून थेट इथे यावं, माझी हरकत नाही.

यानंतर लगेच 'हेवी हॉर्सेस', १९७८. शीर्षकगीत जवळजवळ नऊ मिनिटांचं. शेतात नांगर ओढणाऱ्या थोराड घोड्यांच्या जाती, क्लाइड्सडेल, सफक, शायर, यांची नावं घेत घेत ते गाणं पुढे जातं. ट्रॅक्टर आले आणि हे घोडे संपत चालले. पियानोवर हळू सुरू होतं, मग टापांचा वेग पकडतं. पोळ्याला शिंगं रंगवून सजवलेली जोडी ज्या गोठ्यात पाहिली, त्याच गोठ्यात दहा वर्षांनी डिझेलचा वास घेतलेल्या माणसाला या गाण्याची टीप लागत नाही. आणि बँडचं नाव पेरणीयंत्र करणाऱ्याचं! ज्या यंत्रांनी शेवटी घोड्याला शेताबाहेर काढलं, त्या वाटेवरचं एक जुनं पाऊल त्याचंच. अँडरसनने हे मुद्दाम जुळवलं असेल असं नाही, पण मला ते दर वेळी आठवतं.

तिसरा 'स्टॉर्मवॉच', १९७९, थंड आणि काळोखा. बास वाजवणारा जॉन ग्लासकॉक हृदयाच्या आजाराने खचला होता, अल्बमचा बराचसा बास अँडरसनलाच वाजवावा लागला. त्याच नोव्हेंबरमध्ये ग्लासकॉक गेला. त्यानंतर एव्हन, बार्लो आणि वाद्यमेळाची रचना करणारा डेव्हिड पामर (आजची डी पामर), सगळेच पांगले. सत्तरच्या दशकातला टल तिथे संपला.

प्रत्यक्ष कार्यक्रमात हे लोक काय करायचे ते बघायचं असेल तर 'बर्स्टिंग आउट' (१९७८) हा थेट ध्वनिमुद्रित अल्बम याच टप्प्यावर ऐका, आधी नको. गाणी ओळखीची असली की त्यांची मोडतोड ऐकण्यात मजा.

पायरी सातवी: ऐंशीचं दशक, भरभर

१९८० चा 'ए' अँडरसनचा एकट्याचा असायचा होता, म्हणूनच टेपांवर अँडरसनचा 'ए'. कंपनीच्या आग्रहाने बँडच्या नावावर गेला. १९८२ चा 'ब्रॉडसोर्ड अँड द बीस्ट' चांगला आहे. १९८४ च्या 'अंडर रॅप्स'मध्ये ड्रमरच नाही, यंत्र आहे, आणि त्यातली उंच पट्टीची गाणी दौऱ्यावर गाताना अँडरसनचा घसा जो गेला तो पूर्ण परत आलाच नाही. १९८७ च्या 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह'मध्ये तो खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. त्यातलं 'बुडापेस्ट' दहा मिनिटांचं आहे, निवांत, आणि मला मनापासून आवडतं.

याच अल्बमने तो प्रसिद्ध घोटाळा केला. १९८९ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच पारितोषिक ठेवलं. मेटॅलिका या मेटल बँडला मिळणार हे सगळे गृहीत धरून बसले होते. पाकीट उघडलं, नाव निघालं जेथ्रो टल. सभागृहात आधी हशा, मग नापसंतीचे आवाज. टलवाले तर आलेच नव्हते, कारण त्यांनाही जिंकण्याची आशा नव्हती. नंतर त्यांच्या कंपनीने जाहिरात दिली: बासरी हे जड, धातूचं वाद्य आहे. 'हेवी मेटल'वरची ही कोटी मराठीत अर्धीच येते, पण कळली असेल. १९९२ साली मेटॅलिकाला ग्रॅमी मिळालं तेव्हा त्यांच्या ड्रमरने मंचावरून टलचे आभार मानले, यंदा अल्बम काढला नाही म्हणून. खरं तर काढला होता.

पायरी आठवी: उशिराचा अँडरसन, आणि मुंबई

नव्वदच्या दशकात अँडरसनची मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली. तिच्यामुळे त्याच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं बोटं चुकीची ठेवत आलो. पंचवीसेक वर्षं जगभर वाजवून झाल्यावर त्याने बोटं पहिल्यापासून बसवली. १९९५ चा 'रूट्स टू ब्रांचेस' ऐका, त्यात या नव्या बोटांची सफाई आहे आणि पूर्वेकडच्या सुरावटींचा रंगही.

मुंबईशी या बँडचं नातं नुसतं दौऱ्याचं राहिलं नाही. २००८ साली टल आणि सतारवादक अनुष्का शंकर यांचा एकत्र कार्यक्रम २९ नोव्हेंबरला मुंबईत ठरला होता. तीन दिवस आधी २६ तारखेला हल्ला झाला. कार्यक्रम पुढे ढकलला. ५ डिसेंबरला ते वाजले, हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी, 'अ बिलियन हँड्स' या नावाने. बाहेरचे कलाकार ज्या दिवसांत शहराकडे फिरकत नव्हते, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

त्यानंतर काही वर्षं जेथ्रो टल हे नाव बाजूला पडलं. बार वेगळा झाला आणि आपल्या बँडबरोबर तीच गाणी वाजवू लागला. अँडरसनने २०२२ मध्ये 'द झीलट जीन', २०२३ मध्ये 'रोकफ्लोटे' आणि २०२५ मध्ये 'क्यूरियस रूमिनंट' असे अल्बम पुन्हा जुन्या नावाने काढले. त्याला फुप्फुसांचा जुनाट आजार आहे हे त्याने २०२० साली सांगितलं. आवाज थकलेला आहे, बासरी नाही. या तिन्हींतला एक ऐकायचा तर शेवटचा घ्या.

शेवटचं काम दोन-तीन मिनिटांचं आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये, गागारिनच्या अंतराळप्रवासाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अंतराळ स्थानकात असलेली अमेरिकन अंतराळवीर केडी कोलमन आणि जमिनीवरचा अँडरसन यांनी मिळून 'बूरे' वाजवलं. तिच्याकडची बासरी त्याचीच होती, ती सोबत घेऊन गेलेली. चित्रफीत नेटवर सहज मिळते. आधी १९६९ चं 'बूरे' लावा, मग हे. कोलमन तरंगते आहे, केस डोक्याभोवती पसरलेत, आणि बाखची ती चाल ती अगदी सरळ, सभ्य वाजवते. अँडरसनच्या बाजूला मात्र मधेच तो जुना घशातला खरखरीत आवाज येतो.